बेसमेंटमधले लेले

आमच्या घरात इंग्रजांचं राज्य फक्त बेसमेंटपुरतं होतं. वर आम्ही तिघं, म्हणजे आई, बाबा आणि मी. खाली मिस्टर लाइल. आणि मध्ये एक लाकडी जिना, ज्याच्या वरच्या पायरीवर आई रोज संध्याकाळी आमटीची झाकलेली वाटी ठेवायची. टोरांटोजवळच्या व्हिटबीतलं ते घर बाबांनी घेतलं तेव्हा मी लहान होते, आणि बेसमेंट भाड्यानं द्यायचं ठरलं तेव्हा टोपी हातात धरून दारात उभा राहिलेला पहिला माणूस हाच. बाबांना या मांडणीचं फार समाधान वाटे. "दीडशे वर्षं हे लोक आपल्या घरात राहिले, पण विचारून राहायला आलेला हा पहिलाच," असं ते प्रत्येक पाहुण्याला सांगत आणि पाहुण्याच्या आधी स्वतः हसत. मिस्टर लाइल तिथं हजर असले तर तेही हसत, कारण पाहुण्यांबरोबर हसणं ही त्यांच्या धंद्यातली सवय होती.

आईच्या तोंडात 'लाइल' काही बसेना. पहिल्या आठवड्यात ती 'लायल' म्हणाली, मग 'लाले', आणि दिवाळी येईपर्यंत त्यांचे लेले झाले ते कायमचे. मी त्यांना लेलेकाका म्हणू लागले. पुढे आमच्या मराठी मंडळातल्या भिडे डॉक्टरांचा एकदा फोन आला. "तुमच्याकडे कुणी लेले राहतात म्हणे. कुठले लेले? गुहागरकडचे का?" आई शांतपणे म्हणाली, "नाही, लंडनकडचे." डॉक्टर म्हणाले, "असं का, तिकडं केव्हा गेले?" तर आईनं फोन बाबांच्या हातात दिला.

लेलेकाका नट होते. पण नट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे येतं ते आधी पुसून टाका. उंच, जरासे पुढे वाकलेले, नाक लांब, डोळ्यांखाली पिशव्या, आणि चालणं असं की खोलीत आले तरी कुणाच्या लक्षात येऊ नये. इंग्लंडमधल्या एका फिरत्या नाटक कंपनीबरोबर ते कॅनडात आले होते. कंपनी परत गेली त्या आठवड्यात त्यांना गालगुंड झालं. ते पुरते बरे व्हायच्या आत टोरांटोतल्या एका टीव्ही मालिकेला फुगलेल्या गालांचा बिशप हवा होता. तो बिशप यांना मिळाला आणि ते इथंच राहिले. त्यानंतर बटलर, पाद्री, बँकेचा मॅनेजर, न्यायाधीश आणि मुख्य म्हणजे मेलेल्या माणसाच्या तोंडावर चादर ओढून मान हलवणारा डॉक्टर, या कामांत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ते दारातून येत, एक बातमी सांगत, आणि निघून जात. बातमी बहुधा वाईट असे. त्यांचं काम टीव्हीवर लागणार असलं की आम्ही जेवणं आटोपून बसायचो. एकदा दूध उतू जातंय म्हणून आई स्वयंपाकघरात पळाली आणि गॅस बंद करून येईपर्यंत लेलेकाकांची संपूर्ण भूमिका संपली होती. ती इतकी हळहळली की लेलेकाकांनी जिना चढून येऊन तिला ती आमच्या हॉलमध्ये पुन्हा करून दाखवली. एक दार उघडून, "सर, घोडा सापडला, पण एकटाच," एवढं म्हणून ते अदबीनं उभे राहिले. आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

ते बोलत अर्थात इंग्रजीतच. इथं मी त्यांना मराठी बोलायला लावते आहे, तेवढी मुभा मला असावी. त्यांनी माझ्या आईची आमटी इतकी वर्षं खाल्ली आहे की ते तक्रार करणार नाहीत.

त्या घराची एक गंमत होती. फर्नेस खाली, आणि गरम हवा वर यायला प्रत्येक खोलीच्या जमिनीत लोखंडी जाळी. हवा यायची तसा आवाजही यायचा. लेलेकाका खाली आपलं वाक्य घोटायला लागले की ते थेट आमच्या डायनिंग टेबलाखालून निघायचं. "मॅडम, डॉक्टर आले आहेत." मग गंभीरपणे, "मॅडम, डॉक्टर आले आहेत." मग डॉक्टर आले हे सांगताना ते उशिरा आले असं सुचवून. मग आपल्याला डॉक्टर आवडत नाहीत असं सुचवून. बाबा वैतागून पान सरकवत आणि म्हणत, "अरे, आले ना डॉक्टर? मग आत घ्या त्यांना!" आईचं मात्र कान देऊन ऐकणं असे. तिचं माहेर मिरजेचं, मामाच्या मांडीवर बसून रात्र रात्र नाटकं बघितलेली बाई ती. पोळी लाटता लाटता ती एकदम जाळीकडे वाकून ओरडायची, "दॅट लास्ट वन गुड! नाऊ स्टॉप! नाऊ ईट!" मग जिन्यावर पावलं वाजायची, आणि वाटीचं झाकण निघाल्याचा आवाज यायचा.

माझ्या मनात नटी व्हायचं केव्हा शिरलं ते सांगता येणार नाही. ते त्या जाळीतून आलं असणार. शाळेचं शेवटचं वर्ष होतं. हिवाळा संपायच्या सुमाराला टोरांटोतल्या एका नाट्यशाळेची ऑडिशन होती आणि मला ती द्यायची होती. बाबांना मी फार्मसीला जायला हवी होते. त्यांना नाटकाचा तिटकारा होता असं मात्र कुणी समजू नये. उलट दर संक्रांतीला मंडळाच्या कार्यक्रमात नाटक बसवायचं ते त्यांनीच, लिहायचं त्यांनीच, आणि मुख्य काम करायचं तेही त्यांनीच. पण ते म्हणत, "पोहायला सगळ्यांना यावं. म्हणून कुणी तळ्यात राहायला जात नाही." मी हट्टाला पेटले की ते नुसतं बोट खाली, जमिनीकडे दाखवत. बोटाचा अर्थ मला कळायचा: तो बघ, जन्मभर नाटक केलेला माणूस. सभ्य आहे, हुशार आहे, आणि दुसऱ्याच्या घराखाली राहतो. नाव कुणाला ठाऊक आहे त्याचं? आपल्याकडे तर तेही बदललं. आणि बाबा खोटं काहीच म्हणत नव्हते.

म्हणून मी लेलेकाकांकडे गेले. ते इस्त्री करत होते. मी त्यांना म्हटलं, तुम्ही बाबांना सांगा. तुमचं ते ऐकतील. त्यांनी इस्त्री उभी ठेवली आणि म्हणाले, "तुझे वडील बरोबर आहेत." मला वाटलं आता मोठं भाषण येईल, कलेचा खडतर मार्ग वगैरे. तर तेही नाही. "शिवाय," ते म्हणाले, "ते माझ्यावर रागावले तर मी अशी आमटी कुठं शोधू? नंदू, मुलीची बाजू घेऊन बापाशी भांडणारा माणूस वेगळा असतो. तो नायक असतो. मी त्याच्या मागून कंदील घेऊन येणारा आहे." मी पाय आपटत जिना चढले. वर येऊन जाळीत तोंड घालून 'भित्रा!' असं ओरडले. खालून अत्यंत नम्र आवाजात उत्तर आलं, "होय, मिस."

आता नाटकाकडे येते. त्या वर्षीचं बाबांचं नाटक तीन अंकी, ऐतिहासिक आणि पूर्ण गद्य होतं. 'पूर्ण गद्य' यावर त्यांचा भर होता. एका जिल्ह्यातला जुलमी कलेक्टर, त्याचा बंगला, आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी त्याला गोळी घालणारा तरुण क्रांतिकारक. तरुण अर्थातच बाबा. त्यांचं तेव्हा पोट सुटलं होतं, पण धोतराखाली ते कळत नाही असा त्यांचा समज होता. गाणं एकही नाही, पेटी नाही, तबला नाही. "वास्तव," ते म्हणत. "खऱ्या क्रांतीत कुणी यमन गात बसत नाही." आईला हे मुळीच पटलं नव्हतं. ती दुपारी ओट्याशी मटार सोलत बसे, समोर लेलेकाका मटार सोलत बसत, आणि ती त्यांना मिरजेच्या थिएटरच्या गोष्टी सांगे. गाणं रंगलं की लोक 'वन्स मोअर' ओरडत. मग नटाला ते पुन्हा म्हणावंच लागे, तिसऱ्यांदा मागितलं तर तिसऱ्यांदा. कुणी नाही म्हटलं तर तो प्रेक्षकांचा अपमान. "पब्लिक इज मदर-फादर," आई सांगायची. "मदर-फादर आस्क, यू गिव्ह." लेलेकाका मटार हातात धरून ऐकत राहत. "आणि लोक खरंच मागत?" ते विचारत. "नटाचं नाव घेऊन?" आई म्हणे, "नाव घेऊन. नारळ घेऊन. शाली घेऊन!" ते पुन्हा सोलायला लागत, पण निम्मे मटार सालांच्या ढिगात जात.

कलेक्टरचं काम मंडळाच्या जोगळेकरकाकांकडे होतं. दर वर्षी इंग्रज तेच होत, कारण ते गोरे होते आणि टाल्कम पावडर लावायला त्यांची ना नसे. प्रयोगाला आठवडा राहिला आणि आदल्या रात्रीचा बर्फ ड्राइव्हवेवरून फावड्यानं शोव्हल करताना त्यांची कंबर धरली. ते बिछान्यावरून फोनवर म्हणाले, "उभा राहू शकतो, पण वाकता येत नाही आणि पडता तर मुळीच येत नाही." बाबा डोक्याला हात लावून बसले. दुसरा गोरा माणूस कोण, यावर मंडळात फोनाफोनी झाली. आई पोळीवर तूप लावत म्हणाली, "अहो, खाली खरा इंग्रज बसलाय, आणि तुम्ही पावडर कुणाला लावायची ते शोधताय?"

लेलेकाकांच्या तालमी आमच्या हॉलमध्ये झाल्या, आणि मी आयुष्यात इतकी क्वचितच हसले असेन. बाबांनी कलेक्टरची भाषा मराठी नाटकांतल्या साहेबासारखी लिहिली होती: "टुम लोग बहोट बडमाश हाय!" लेलेकाकांनी संहिता इंग्रजी अक्षरांत उतरवून घेतली आणि विचारलं, "हा माणूस असा का बोलतो?" बाबा म्हणाले, "तो इंग्रज आहे." लेलेकाका म्हणाले, "असं होय." मग त्यांनी ते वाक्य म्हटलं. बाबांनी मान हलवली. "नाही, नाही. अजून इंग्रज." त्यांनी पुन्हा म्हटलं. बाबा उठले, छाती पुढे काढली, एक काल्पनिक छडी मांडीवर आपटली आणि गुरगुरून दाखवलं. "असं. इंग्रज लोक असं बोलतात." लेलेकाकांनी बारकाईनं पाहिलं आणि अगदी तसंच करून दाखवलं, पोटासकट. बाबा खूश झाले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या माझ्या बापाकडून त्या इंग्रजानं इंग्रज व्हायचं शिक्षण घेतलं, आणि चेहऱ्यावर एक रेष हलू दिली नाही.

दुसऱ्या अंकाच्या शेवटाशी आलो तेव्हा मात्र लेलेकाका थांबले. संहितेत एवढंच होतं: गोळी लागते. कलेक्टर मरतो. पडदा. त्यांनी विचारलं, "मी मरतो?" बाबा म्हणाले, हो. "लोकांसमोर?" बाबा म्हणाले, "मग काय विंगेत?" लेलेकाका सोफ्याच्या हातावर टेकले. म्हणाले, "मी आजवर नेहमी नंतर आलो आहे." त्यांनी किती तरी प्रेतं शोधली होती, चादरी ओढल्या होत्या, विधवांना खुर्च्या सरकवून दिल्या होत्या. पण मरणाची कामं मोठ्या नटांना जात. "मला यासाठी थोडा वेळ घेता येईल?" त्यांनी इतक्या संकोचून विचारलं की बाबाही विरघळले आणि म्हणाले, "घ्या, घ्या. आरामात मरा."

त्यानंतर प्रयोगापर्यंत रोज टेबलाखालून मरणाचे आवाज आले. आधी धप्प. मग बराच वेळ काही नाही. मग खुर्ची घसटत गेल्यासारखं आणि मग धप्प. आई लाटणं जमिनीवर ठोकून विचारायची, "ओके?" आणि खालून यायचं, "नॉट येट!"

मलाही त्या प्रवेशात काम होतं. कलेक्टरच्या बंगल्यावरची दासी. चहाचा ट्रे घेऊन यायचं, गोळी सुटली की किंचाळायचं, ट्रे टाकायचा. वाक्य नाही. बाबांनी मला ते मुद्दाम दिलं अशी माझी खात्री होती, आणि मी ते तोंड फुगवून करत होते. लेलेकाकांशी मी बोलत नव्हते, तरी त्यांनी एकदा मला जिन्यात गाठलंच. "तू ट्रे घेऊन येतेस तेव्हा तुझ्या पावलांना गोळीची बातमी आधीच असते," ते म्हणाले. "तू आत येताना चहाचा विचार कर. साखर घातली का, एवढाच. बाकीचं आम्ही बघतो." मी तशीच वर निघून गेले. पण रात्री अंथरुणात मी साखर घातली का, याचा विचार करत होते हे कबूल केलं पाहिजे.

रविवारी दुपारचा प्रयोग होता. स्कारबरोतल्या एका शाळेचा हॉल, बाहेर गुडघाभर बर्फ, आत तिळगुळाचा आणि ओल्या कोटांचा वास. बायका जरीच्या साड्यांवर बूट घालून आलेल्या. पहिल्या रांगेत मधोमध भिडे डॉक्टर. त्यांना नाट्यसंगीताचं वेड होतं आणि ते प्रत्येक नाटकाला घसा साफ करून येत. मी विंगेतून त्यांच्याकडे बघत होते. पहिला अंक भाषणांत गेला. डॉक्टर मांडीवर बोटं वाजवत पेटीची वाट बघत होते. दुसरा अंक सुरू झाला, तरी गाणं येईना. त्यांच्या मागच्या रांगांतही चुळबूळ व्हायला लागली. लहान मुलं 'कॅन वी गो?' विचारायला लागली. बाबा स्टेजवर घामाघूम होऊन स्वातंत्र्यावर बोलत होते आणि कुणी साधी शिट्टीसुद्धा मारत नव्हतं. मला त्यांची फार दया आली. नाटक पडत होतं, आणि ते फक्त त्यांना एकट्यालाच कळलेलं नव्हतं असं नाही. त्यांनाही कळलं होतं.

मग गोळीचा क्षण आला. पिस्तूल खेळण्यातलं होतं. आवाजासाठी विंगेत जोगळेकरकाका कंबरेला पट्टा बांधून हातात लाकडी फळी घेऊन उभे होते. मी साखरेचा विचार करत ट्रे घेऊन आत गेले. बाबांनी पिस्तूल उगारलं, फळी धाडकन वाजली, माझ्या हातून ट्रे पडला, आणि लेलेकाका मेले.

कसे मेले ते आज मला नीट लिहिता येईल की नाही शंका आहे. आधी त्यांना काही झालं आहे हे त्यांना कळलंच नाही. ते बाबांवर डाफरायला गेले आणि शब्द सापडेना. मग त्यांनी आपल्या कोटाकडे पाहिलं, कोट खराब झाल्याच्या रागानं. मग एकाएकी तो जुलमी साहेब कुठेच राहिला नाही. तिथं घरापासून फार दूर आलेला एक म्हातारा माणूस होता, आणि त्याला बसायला खुर्ची हवी होती. खुर्चीपर्यंत तो पोचला नाही. हॉलमध्ये कुणी हललं नाही. आणि त्या शांततेत, दोन अंक दाबून ठेवलेलं सगळं एकवटून, भिडे डॉक्टर उठून ओरडले, "वन्स मोअर!"

पाठोपाठ सगळा हॉल. "वन्स मोअर! वन्स मोअर!" टाळ्या, शिट्ट्या, बाकांवर थापा. पडद्याच्या दोरीवरचा माणूसही दोरी सोडून टाळ्या वाजवत होता. बाबा पिस्तूल धरून थिजले होते. जमिनीवरच्या लेलेकाकांनी एक डोळा उघडला. आधी प्रेक्षकांकडे, मग बाबांकडे पाहिलं. त्या एका डोळ्यात केवढी विनंती होती! त्यांना अख्ख्या आयुष्यात प्रेक्षकांनी प्रथमच काही मागितलं होतं. बाबांच्या वास्तवाचं पार मातेरं होणार होतं, पुढचा अख्खा अंक हास्यास्पद होणार होता. ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं. मग त्यांनी हलकेच मान डोलावली. लेलेकाका उठले, कोट झटकला आणि जागेवर जाऊन उभे राहिले. मी कपबशा गोळा केल्या, विंगेत गेले, आणि पुन्हा चहा घेऊन आले.

दुसऱ्यांदा बाबांनी पिस्तूल दोन्ही हातांनी धरलं. फळी वाजली, लेलेकाका वेगळेच मेले. या वेळी ते बाबांकडे बघत राहिले, रागानं नव्हे, जणू ओळख पटल्यासारखे. डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढला, डोळे पुसले आणि पुन्हा ओरडले, "वन्स मोअर!" पुन्हा मी कपबशा वेचल्या. तिसऱ्यांदा बाबांनी पिस्तूल रोखलं, आणि आवाजच आला नाही. विंगेत जोगळेकरकाकांच्या हातून फळी खाली पडली होती आणि त्यांना वाकता येत नव्हतं. ते तिथून हातवारे करत होते. लेलेकाका वाट बघत होते. सगळा हॉल वाट बघत होता. तेव्हा माझे वडील, वास्तववादी नाटककार, इंजिनिअर, ज्यांनी घरात कुणाला विनोदी आवाज काढू दिला नाही, त्यांनी तोंडानं स्पष्ट म्हटलं, "ठो."

कुणीही हसलं नाही. कारण लेलेकाका त्या 'ठो'नं खरोखर मेले. ट्रे माझ्या हातून तिसऱ्यांदा पडला तेव्हा मी किंचाळायचं विसरले, नुसती उभी राहिले. त्यानंतर वन्स मोअर आला नाही. पडदा पडला आणि कितीतरी वेळानं टाळ्या सुरू झाल्या. तिसरा अंक कुणी पाहिला नाही. सगळे बाहेर गुळाच्या पोळ्या खात लेलेकाकांभोवती उभे होते. भिडे डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर आपली शाल घातली आणि विचारलं, "लेले, तुम्ही आहात कुठले, खरं सांगा."

माझ्या बेसमेंटमध्ये आता नाशिकची दोन मुलं राहतात, कॉलेज करतात, इथं कायमचं राहायला पीआर अप्लाय करून बसली आहेत. परवा त्यांच्यातला एक म्हणाला, "मावशी, काल त्या सीरीजमध्ये तुम्ही होता ना? ती नर्स?" मी म्हटलं, "जज्ज." तो म्हणाला, "सॉरी, मी वॉशरूमला गेलो होतो." मला त्या वेळी हे सगळं आठवलं आणि मी हसत सुटले. पोरगं घाबरलं.

त्या रविवारी प्रयोगाहून घरी येताना बाबा गाडीत मान न वळवता समोरच्या वायपरकडे बघत होते. मला वाटलं, संपलं. आपल्या नाटकाचा तमाशा झाला, आता ते नट या जातीचं तोंड बघणार नाहीत, आणि माझी ऑडिशन तर बुडालीच. आईनं आल्या आल्या आमटी गरम करायला ठेवली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच वाटी पायरीवर न ठेवता लेलेकाकांना टेबलाशी बसवलं. बाबांनी अंगातलं धोतरही बदललं नव्हतं. ते म्हणाले, "मिस्टर लाइल, तुम्ही उठलात कशाला?" लेलेकाका म्हणाले, "नाही म्हटलं तर तो अपमान असतो, असं मला कळलं होतं." बाबांनी आईकडे पाहिलं. आई पातेल्यात बघत होती.

मग बाबांनी, लेलेकाकांकडे न बघता, मी तिथं नाही असं समजून विचारलं, "ही मुलगी. हिच्यात काही आहे का? खरं सांगा. माझ्या घरात राहता म्हणून नको." लेलेकाकांनी वाटी खाली ठेवली. ते आता नाही म्हणणार हे मला ठाऊक होतं. आणि ते म्हणालेच, "नाटकी आहे. आवाज चिरका आहे. आपल्याकडे कोण बघतंय ते बघत असते." बाबांनी मान डोलावली. "पण आज," लेलेकाका म्हणाले, "तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. मी तीन वेळा मेलो, आणि तिन्ही वेळा तिनं मला पहिल्यांदाच मरताना पाहिलं. मी ज्यांच्या प्रेतांवर चादरी ओढल्या त्या मोठमोठ्या लोकांना हे एकदाही जमलेलं नाही." बाबांनी विचारलं, "तिसऱ्यांदासुद्धा? मी ते... तोंडानं केलं तेव्हा?" लेलेकाका म्हणाले, "तेव्हा तर तिला तो खरा बार वाटला. मला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं की मला लागली आहे."

बाबा उठून खिडकीशी गेले. बाहेर विंटर टायर्सच्या खुणांवर नवा बर्फ पडत होता. पाठमोरेच ते म्हणाले, "दुसऱ्यांदा मला वाटलं, मी खरंच माणूस मारला." त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. मी इतकी वर्षं त्यांच्यावर चिडले होते, आणि त्या क्षणी मला ते इतके आवडले की रडू फुटलं. ते वळले. "जा," ते मला म्हणाले. "दे ती ऑडिशन. पण एक सांगून ठेवतो. मरायचं काम मिळालं तर मला आधी कळवायचं. मी येणार नाही."

पुढे मला नर्सा मिळाल्या, जज्ज मिळाल्या, मोटेलवाल्या मिळाल्या, नवऱ्या मुलीच्या मावश्या तर विचारूच नका. दारातून यायचं, बातमी सांगायची, जायचं. मरायचं काम फक्त दोनदा आलं, दोन्ही वेळा रंगमंचावर. दोन्ही वेळा मी बाबांना आधी कळवलं. आणि दोन्ही वेळा पडद्यापुढे वाकून नमस्कार करताना मला ते दिसले: पहिल्या रांगेत, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून, डोळे गच्च मिटून बसलेले, आणि शेजारून आई त्यांना कोपरानं ढोसत होती, "अहो, उठली ती. उघडा आता."